आज्ञापंक्ती, संगणकाची
संगणकाकडून करवून घ्यावयाचे काम कळफलकावरून एका ओळीत अक्षरांनी लिहून सांगण्याच्या पद्धतीस आज्ञापंक्ती किंवा, अधिक रूढ नावाने, कमांड लाइन असे म्हणतात. पडद्यावरील चित्रखुणांवर माउसने निर्देश करण्याच्या पद्धतीपेक्षा ही पद्धती जुनी आहे. सर्वसामान्य वापरातून ती बरीचशी मागे पडली असली, तरी सर्व्हरच्या, म्हणजे संगणकजालामार्फत अनेकांना सेवा पुरविणाऱ्या संगणकांच्या, देखभालीत आजही तिचेच प्राधान्य आहे. याची कारणे व्यावहारिक आहेत. सर्व्हरला बहुधा स्वतःचा पडदा वा कळफलक जोडलेला नसतो आणि त्याची देखभाल दुरून करावी लागते. अक्षरांची एक ओळ अत्यंत मंद जोडणीवरूनही पाठविता येते. लिहिलेली आज्ञा जतन करता येते, दुसऱ्यास तपासावयास देता येते, इतर आज्ञांशी जोडता येते आणि शेकडो संगणकांवर जशीच्या तशी पुन्हा चालविता येते. या गुणांचीच दुसरी बाजू अशी की, संगणक लिहिलेली आज्ञा शब्दशः पाळतो. ती देणाऱ्याचा हेतू त्यास कळत नाही. म्हणून प्रणाली-व्यवस्थापकाच्या कौशल्यात आज्ञांच्या ज्ञानाइतकेच त्या देताना बाळगावयाच्या सवयींना महत्त्व आहे.

प्रस्तुत नोंदीत यूनिक्स व तीवर बेतलेल्या लिनक्ससारख्या परिचालन प्रणालींचा (संगणकाचे मूलभूत कामकाज सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमांच्या संचांचा) मुख्यत्वे विचार केला आहे. आज्ञांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीत व बहुधा लहान अक्षरांत लिहावी लागतात. यूनिक्समध्ये रोमन लिपीतील लहान व मोठी अक्षरे भिन्न मानली जातात.

इतिहास : प्रारंभीच्या संगणकांना कामे छिद्रित पत्रांच्या गठ्ठ्यांच्या स्वरूपात दिली जात आणि उत्तरासाठी पुष्कळ वेळ थांबावे लागे. एकाच संगणकाचा वेळ अनेकांत वाटून देणारी कालविभाजन पद्धती आल्यावर आज्ञा लिहावी आणि लगेच उत्तर मिळावे, असा संवाद शक्य झाला. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांदो कोर्बातो यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या सीटीएसएस या कालविभाजन प्रणालीचे प्रात्यक्षिक १९६१ मध्ये झाले. लुई पूझां या फ्रेंच संगणकतज्ञांनी तीसाठी आज्ञांची यादी फाइलमध्ये साठवून ती एकदम चालविण्याची ‘रनकॉम’ ही सोय निर्माण केली. वापरकर्त्याच्या आज्ञा स्वीकारून त्या पार पाडणाऱ्या प्रोग्रॅमास ‘शेल’ (कवच) हे नावही त्यांनीच दिले.

अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीज या संस्थेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये यूनिक्स प्रणालीच्या कामास प्रारंभ केला. त्या वेळी वापरात असलेली टेलिटाइप यंत्रे सेकंदास केवळ १० अक्षरे छापीत. आज्ञांची ‘सीपी’, ‘एमव्ही’, ‘एलएस’ अशी दोन अक्षरी नावे आणि काम सुरळीत पार पडल्यास पडद्यावर काहीही न दर्शविण्याची यूनिक्सची प्रथा यांमागे ही मंद गती हे एक कारण होते. एका प्रोग्रॅमाचे फलित दुसऱ्यास पुरविण्याची कल्पना याच संस्थेतील डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये एका टिपणात मांडली होती. बागेत पाणी घालण्याच्या नळीचे तुकडे जोडावेत तसे प्रोग्रॅम जोडता यावेत, असे त्यांचे म्हणणे होते. टॉम्पसन यांनी १९७३ मध्ये ती प्रत्यक्षात आणली.

स्टीव्हन बोर्न यांचे शेल १९७९ मध्ये यूनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर प्रसृत झाले. ब्रायन फॉक्स यांनी १९८९ मध्ये तयार केलेले ‘बॅश’ हे त्याचेच विस्तारित रूप असून लिनक्स प्रणालींत ते विशेष प्रचलित आहे. लिनक्सचा आरंभ १९९१ मध्ये लीनस टॉर्व्हाल्ड्स यांनी फिनलंडमध्ये केला. जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या नोव्हेंबर २०१७ च्या यादीतील सर्व संगणक लिनक्सवर चालणारे होते. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राच्या (सी-डॅकच्या) ‘परम सिद्धी’ या महासंगणकास नोव्हेंबर २०२० च्या अशाच यादीत ६३ वे स्थान मिळाले होते.

स्वरूप व कार्य : आज्ञा स्वीकारण्यास तयार असल्याची खूण म्हणून शेल ओळीच्या आरंभी काही मजकूर दर्शविते. त्यात बहुधा वापरकर्त्याचे नाव, संगणकाचे नाव व चालू डिरेक्टरी (फाइलींचा कप्पा) ही असतात. सामान्य वापरकर्त्याच्या बाबतीत हा मजकूर $ या चिन्हाने, तर ‘रूट’ या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या बाबतीत # या चिन्हाने संपतो. आज्ञेचे सामान्यतः तीन भाग असतात : आज्ञेचे नाव, तिची रीत ठरविणारे व आडव्या रेघेने सुरू होणारे पर्याय, आणि ज्यावर क्रिया करावयाची त्या फाइलींची किंवा इतर वस्तूंची नावे.

आज्ञा लिहून झाल्यावर ती पार पाडण्यापूर्वी शेल स्वतः काही संस्कार करते. ती ओळीचे शब्द पाडते, $ या चिन्हाने सुरू होणाऱ्या चलांच्या जागी त्यांची मूल्ये घालते आणि * यासारख्या चिन्हांच्या जागी जुळणाऱ्या सर्व फाइलींची नावे मांडते. त्यानंतरच संबंधित प्रोग्रॅम सुरू होतो. याचा अर्थ असा की, वापरकर्त्याने * लिहिले होते की शंभर नावे एकेक करून लिहिली होती, हे प्रोग्रॅमास कळतही नाही. हा क्रम समजला म्हणजे अनेक अपघातांचे कारण उमगते. उदा., ‘आरएम’ या फाइल पुसणाऱ्या आज्ञेपुढे *.टीएमपी असे लिहिल्यास केवळ टीएमपी या प्रत्ययाच्या तात्पुरत्या फाइली पुसल्या जातात. परंतु * व पुढील बिंदू यांत अनवधानाने एक मोकळी जागा पडल्यास शेलला * हा स्वतंत्र शब्द दिसतो आणि डिरेक्टरीतील जवळजवळ सर्व फाइली नष्ट होतात. यास्तव तीच खूण प्रथम ‘एको’ किंवा ‘एलएस’ या निरुपद्रवी आज्ञेस देऊन नावांची यादी डोळ्यांखालून घालावी व मगच पुसण्याची आज्ञा द्यावी. ज्या नावांत मोकळी जागा असते ती अवतरणचिन्हांत लिहावी लागतात. दुहेरी अवतरणात चलांची मूल्ये घातली जातात, तर एकेरी अवतरणातील मजकूर शेल जसाच्या तसा सोडते.

प्रत्येक आज्ञा संपताना शेलला एक अंक परत करते. शून्य म्हणजे यश आणि इतर कोणताही अंक म्हणजे काहीतरी बिघाड, असा संकेत आहे. दोन आज्ञांमध्ये && हे चिन्ह घातल्यास पहिली यशस्वी झाली तरच दुसरी चालते; अर्धविरामाने जोडल्यास मात्र पहिलीचे काहीही झाले तरी दुसरी चालते. डिरेक्टरी बदलणाऱ्या ‘सीडी’ नंतर पुसण्याची आज्ञा द्यावयाची असेल, तर हा भेद निर्णायक ठरतो. डिरेक्टरीचे नाव चुकल्याने ‘सीडी’ फसली आणि आज्ञा अर्धविरामाने जोडलेल्या असल्या, तर उभे असू त्याच डिरेक्टरीतील फाइली पुसल्या जातात.

पाइप व प्रवाहांची दिशा : यूनिक्समधील प्रत्येक प्रोग्रॅमास तीन प्रवाह उपलब्ध असतात : आत येणारी माहिती, बाहेर जाणारे फलित आणि चुकांचे संदेश. उभी रेघ (|) हे पाइपचे चिन्ह असून त्याने डावीकडील प्रोग्रॅमाचे फलित उजवीकडील प्रोग्रॅमास पोहोचते. एखादा वेब सर्व्हर आलेल्या प्रत्येक विनंतीची एक ओळ नोंदफाइलमध्ये लिहितो व त्या ओळीतील पहिला शब्द बहुधा विनंती करणाऱ्या संगणकाचा पत्ता असतो. कोणते पत्ते सर्वाधिक विनंत्या करीत आहेत हे पाहण्यासाठी पाच लहान आज्ञा पाइपने जोडतात : ‘ऑक’ पहिला शब्द वेगळा काढते, ‘सॉर्ट’ सारखे पत्ते एकत्र आणते, ‘यूनिक’ सलग येणाऱ्या सारख्या ओळी मोजून त्यांची एक ओळ करते, पुन्हा ‘सॉर्ट’ ही संख्येनुसार उतरता क्रम लावते, आणि ‘हेड’ वरच्या दहा ओळी दर्शविते. ‘यूनिक’ केवळ शेजारच्या ओळींची तुलना करीत असल्याने तिच्या आधी क्रम लावणे आवश्यक असते. ही पायरी गाळल्यास उत्तर मिळते, पण ते चुकीचे असते. डॉनल्ड कनूथ यांनी मजकुरातील सर्वाधिक वेळा येणारे शब्द शोधण्यासाठी लिहिलेल्या विस्तृत प्रोग्रॅमाचे परीक्षण मॅकिलरॉय यांनी १९८६ मध्ये केले, तेव्हा तेच काम पाइपने जोडलेल्या सहा आज्ञांत करून दाखविले.

फलित फाइलमध्ये साठविण्यासाठी > हे चिन्ह वापरतात. ही फाइल शेल आज्ञा सुरू होण्यापूर्वीच उघडते व ती आधीची असल्यास रिकामी करते. त्यामुळे एखाद्या फाइलचा क्रम लावून फलित त्याच फाइलमध्ये साठविण्याची आज्ञा दिल्यास ‘सॉर्ट’ ला वाचण्यासाठी काहीच उरत नाही व मूळ मजकूर नाहीसा होतो. >> या दुहेरी चिन्हाने फलित जुन्या मजकुराच्या शेवटी जोडले जाते. पाइपने जोडलेल्या आज्ञांच्या साखळीचा यशापयशाचा अंक हा सामान्यतः शेवटच्या आज्ञेचा असतो, हेही लक्षात ठेवावे लागते. मधली आज्ञा फसली, तरी साखळी यशस्वी झाल्याचे दिसू शकते. बॅशमध्ये ‘पाइपफेल’ हा पर्याय लावून हा दोष टाळता येतो.

बिघाडाचे निदान : सर्व्हर मंदावल्याची तक्रार आल्यास प्रथम ‘अपटाइम’ ही आज्ञा देतात. तिच्या फलितातील शेवटचे तीन अंक मागील १, ५ व १५ मिनिटांतील सरासरी भार दर्शवितात. पहिला अंक तिसऱ्यापेक्षा मोठा असल्यास भार वाढत आहे व लहान असल्यास तो ओसरत आहे, असे समजावे. लिनक्समध्ये या भारात प्रक्रियकाची वाट पाहणाऱ्या कामांबरोबर डिस्कची वाट पाहत अडकलेली कामेही धरली जातात. म्हणून भार मोठा असूनही प्रक्रियक मोकळा असू शकतो. ‘फ्री’ या आज्ञेत मोकळी स्मृती अल्प दिसल्याने नवशिके व्यवस्थापक घाबरतात. तथापि लिनक्स उरलेली स्मृती अलीकडे वाचलेल्या फाइली हाताशी ठेवण्यासाठी वापरते व गरज पडताच ती सोडते. म्हणून त्या फलितातील ‘उपलब्ध’ या अर्थाचा रकाना पाहणे योग्य ठरते.

डिस्क भरल्याने सेवा बंद पडणे हा नेहमीचा बिघाड आहे. ‘डीएफ’ ही आज्ञा प्रत्येक डिस्कविभागात किती जागा उरली ते सांगते, तर ‘डीयू’ कोणत्या डिरेक्टरीने किती जागा व्यापली ते सांगते. या दोहोंची उत्तरे कधीकधी जुळत नाहीत. यूनिक्समध्ये फाइल पुसली म्हणजे तिचे नाव यादीतून जाते. परंतु एखाद्या चालू प्रोग्रॅमाने ती उघडी ठेवली असल्यास तिची जागा तो प्रोग्रॅम तिला बंद करीपर्यंत मोकळी होत नाही. अशा नावे नसलेल्या, पण जागा अडवून बसलेल्या फाइली ‘एलएसओएफ’ या आज्ञेने सापडतात. यास्तव वाढलेली नोंदफाइल चालू स्थितीत पुसण्यापेक्षा रिकामी करणे श्रेयस्कर असते. काही वेळा जागा शिल्लक असूनही नवी फाइल निर्माण होत नाही. प्रत्येक फाइलच्या माहितीसाठी लागणारी ‘आयनोड’ ही नोंद अनेक प्रकारच्या डिस्करचनांत ठराविक संख्येनेच असते आणि असंख्य लहान फाइलींमुळे ती संपते. ‘डीएफ’ ला ‘आय’ हा पर्याय दिल्यास हे कळते.

न थांबणारा प्रोग्रॅम बंद करण्यासाठी ‘किल’ ही आज्ञा आहे. नावाप्रमाणे ती नेहमीच मारक नसते. वेगळे काही न सांगितल्यास ती प्रोग्रॅमास १५ क्रमांकाचा संकेत पाठविते. त्यामुळे प्रोग्रॅमास आपल्या फाइली लिहून, बंद करून थांबण्याची संधी मिळते. ९ क्रमांकाचा संकेत मात्र प्रोग्रॅमास तत्काळ संपवितो व आवराआवरीस वाव देत नाही. माहितीसंग्रह सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमांच्या बाबतीत तो अखेरचा उपाय समजावा.

दुरून प्रवेश : पूर्वी दूरच्या संगणकात प्रवेश करण्यासाठी ‘टेलनेट’ वापरीत, तीत परवलीचा शब्दही उघड्या स्वरूपात जालावरून जाई. हेलसिंकी येथील तंत्रविद्यापीठाच्या जालावर असे शब्द चोरले गेल्यानंतर तातू इलॉनेन यांनी १९९५ मध्ये ‘एसएसएच’ ही पद्धती तयार केली. तीत दोन्ही दिशांचा सर्व मजकूर कूटबद्ध होऊन जातो. परवलीच्या शब्दाऐवजी किल्ल्यांची जोडी वापरणे अधिक सुरक्षित असते : सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवतात, तर खाजगी किल्ली व्यवस्थापकाच्या संगणकाबाहेर कधीही जात नाही.

दूरची जोडणी तुटल्यास तीमार्फत सुरू केलेली कामेही सामान्यतः बंद पडतात. दीर्घकाळ चालणारे काम, उदा., प्रणालीची आवृत्ती बदलणे, यासाठी ‘स्क्रीन’ (१९८७) किंवा ‘टीमक्स’ (२००७) या प्रोग्रॅमांत शिरून आज्ञा देतात. मग जोडणी तुटली तरी काम चालू राहते व पुन्हा प्रवेश केल्यावर ते होते तेथून पाहता येते. एसएसएचच्या किंवा जालरक्षक भिंतीच्या मांडणीत फेरफार करताना व्यवस्थापक स्वतःलाच बाहेर कोंडून घेण्याचा धोका असतो. यासाठी जुनी जोडणी उघडी ठेवून दुसऱ्या, नव्या जोडणीने प्रवेश मिळतो याची खात्री करावी आणि मगच पहिली बंद करावी. दहा मिनिटांनी जुनी मांडणी आपोआप परत आणणारी आज्ञा आधीच लावून ठेवणे व सर्व ठीक असल्यास ती रद्द करणे, ही सवयही उपयुक्त आहे.

अधिकार व परवानग्या : प्रत्येक फाइलवर तिचा मालक, त्याचा गट व इतर अशा तीन वर्गांसाठी वाचणे, लिहिणे व चालविणे या परवानग्या असतात. त्यांची मूल्ये अनुक्रमे ४, २ व १ धरून बेरजेचे तीन अंक लिहितात. म्हणजे ६४० याचा अर्थ मालकास वाचणे व लिहिणे, गटास केवळ वाचणे आणि इतरांस काहीही नाही, असा होतो. एखादी सेवा चालत नाही म्हणून ७७७ देऊन सर्वांस सर्व मोकळे करणे हा उपाय नव्हे. त्याने मूळ दोष झाकला जातो व फाइल कोणासही बदलता येते.

‘रूट’ या वापरकर्त्यास कोणतीही परवानगी अडवीत नसल्याने सतत त्याच नावाने काम करणे धोक्याचे असते. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफालो येथील शाखेत १९८० च्या सुमारास तयार झालेल्या ‘सूडू’ या आज्ञेने केवळ एका कामापुरता हा अधिकार घेता येतो आणि तो कोणी, केव्हा व कशासाठी घेतला याची नोंद राहते. परवलीचे शब्द आज्ञेच्या ओळीत लिहू नयेत. ते शेलच्या इतिहासफाइलमध्ये साठविले जातात आणि आज्ञा चालू असेपर्यंत ‘पीएस’ या आज्ञेने संगणकावरील इतर वापरकर्त्यांसही सामान्यतः दिसू शकतात.

स्वयंचलन : वारंवार लागणाऱ्या आज्ञा फाइलमध्ये लिहून केलेल्या संचास स्क्रिप्ट म्हणतात. ठराविक वेळी ती चालविण्याचे काम ‘क्रॉन’ हा प्रोग्रॅम करतो. त्याच्या नोंदीत मिनिट, तास, महिन्याचा दिवस, महिना व आठवड्याचा वार असे पाच रकाने असतात. हाताने चालविल्यास ठीक चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये फसण्याचे नेहमीचे कारण म्हणजे प्रोग्रॅम शोधण्याच्या डिरेक्टरींची यादी तेथे फार तोकडी असते; म्हणून आज्ञांचे संपूर्ण मार्ग लिहावेत. स्क्रिप्टमध्ये मूल्य न दिलेले चल हा मोठा धोका असतो. एखाद्या डिरेक्टरीचे नाव धारण करणारे चल रिकामे राहिले आणि त्यापुढे /* असे लिहिले असले, तर पुसण्याची आज्ञा संगणकाच्या मुळापासून लागू होते. ‘सेट –यू’ ही ओळ आरंभी लिहिल्यास मूल्य न दिलेले चल आढळताच स्क्रिप्ट थांबते. परंतु चलास कोरे मूल्य दिलेले असल्यास हा उपाय पुरत नाही व ते वेगळे तपासावे लागते. संगणकांची संख्या वाढल्यावर मार्क बर्जेस यांचे ‘सीएफइंजिन’ (१९९३) किंवा ‘अँसिबल’ (२०१२) यांसारखी साधने वापरतात. त्यांत एकेक कृती सांगण्याऐवजी अपेक्षित अंतिम स्थिती सांगण्यावर भर असतो.

देवनागरी मजकूर : भारतीय लिप्यांतील मजकूर हाताळताना काही विशेष गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. आज सर्वत्र रूढ असलेली यूटीएफ-८ ही अक्षरांकनाची पद्धती टॉम्पसन यांनी रॉब पाइक यांच्यासह १९९२ मध्ये आखली. तीत रोमन अक्षरांचे जुने अंकन अबाधित राहिल्याने यूनिक्सच्या जुन्या आज्ञा देवनागरी मजकुरावरही बहुतांशी चालतात. मात्र देवनागरीतील प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. ‘मराठी’ हा शब्द वाचकाच्या दृष्टीने तीन अक्षरांचा आहे. परंतु ‘डब्ल्यूसी’ ही मोजणारी आज्ञा काना व वेलांटी वेगळी धरून त्यात पाच चिन्हे मोजते आणि बाइट मोजावयास सांगितल्यास १५ हा आकडा देते. म्हणून ठराविक बाइटांवर मजकूर तोडणाऱ्या स्क्रिप्टमुळे देवनागरी अक्षर मध्येच तुटते. ‘सॉर्ट’ ही आज्ञा संख्येनुसार क्रम लावताना देवनागरी अंकांना संख्या म्हणून ओळखत नाही. असे अंक असलेल्या याद्यांसाठी ते आधी बदलून घ्यावे लागतात.

विंडोज सर्व्हरवरील पद्धती : मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सर्व्हर प्रणालीत दीर्घकाळ चित्रमय पद्धतीवर भर होता. जेफ्री स्नोव्हर यांच्या कल्पनेतून साकारलेले ‘पॉवरशेल’ २००६ मध्ये आले. यूनिक्समध्ये पाइपमधून साधा मजकूर वाहतो, तर पॉवरशेलमध्ये गुणधर्मांसह संपूर्ण वस्तू पुढे जाते; त्यामुळे ओळीतील कितवा शब्द घ्यावयाचा हे ठरविण्याची गरज राहत नाही. त्यातील अनेक आज्ञांना ‘व्हॉटइफ’ हा पर्याय देता येतो. त्यायोगे आज्ञा प्रत्यक्ष न चालविता तिने काय घडले असते एवढेच सांगितले जाते. यूनिक्समधील ‘आरसिंक’ (१९९६) या फाइली जुळवून ठेवणाऱ्या आज्ञेतही अशीच रंगीत तालीम घेण्याची सोय आहे. पॉवरशेल २०१६ पासून लिनक्सवरही उपलब्ध आहे.

अपघात व दक्षता : यूनिक्समध्ये ‘आरएम’ ने पुसलेली फाइल कोणत्याही टोपलीत जात नाही व ती परत मिळविण्याची सोपी वाट नाही. त्यामुळे चूक केवळ अज्ञानातून होते असे नाही. थकव्याच्या वा घाईच्या क्षणी ती अनुभवी व्यक्तींकडूनही होते. दोन प्रसिद्ध घटना या दृष्टीने उद्‌बोधक आहेत.

‘गिटलॅब’ या संगणकीय प्रोग्रॅमांची साठवण करणाऱ्या सेवेत ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री मुख्य माहितीसंग्रहाची दुय्यम प्रत मुख्य संग्रहाशी जुळेनाशी झाली. दुय्यम संगणकावरील डिरेक्टरी पुसून ती प्रत नव्याने भरण्याचे ठरले. परंतु पुसण्याची आज्ञा मुख्य संगणकावर दिली गेली. एकदोन सेकंदांतच चूक लक्षात येऊन ती थांबविण्यात आली, तरी सु. ३०० गिगाबाइटांपैकी केवळ ४.५ गिगाबाइट माहिती उरली होती. त्यानंतर असे आढळले की, राखीव प्रती घेणारा प्रोग्रॅम आवृत्ती न जुळल्याने फसत होता आणि तसे कळविणारे संदेश पोहोचतच नव्हते. अन्य कारणासाठी सु. सहा तास आधी हाताने घेतलेल्या एका प्रतीमुळे बहुतेक माहिती वाचली. मधल्या काळातील सु. ५,००० प्रकल्प, ५,००० टिपणे व ७०० नवीन खाती यांना मात्र या हानीची झळ पोहोचली. संस्थेने घटनेचा संपूर्ण वृत्तांत प्रसिद्ध केला. योजिलेल्या उपायांत शेलच्या आरंभीच्या मजकुरातून कोणता संगणक कोणता हे ठळकपणे दिसावे, हा साधा उपायही होता.

त्याच वर्षी २८ फेब्रुवारी रोजी ॲमेझॉनच्या ‘एस ३’ या साठवण-सेवेच्या उत्तर व्हर्जिनियातील केंद्रात काही थोडे सर्व्हर कामातून काढण्यासाठी ठरलेल्या पद्धतीनुसार आज्ञा देण्यात आली. तीतील एक मूल्य चुकल्याने अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक सर्व्हर निघाले व चार तासांहून अधिक काळ असंख्य संकेतस्थळे विस्कळीत झाली. यानंतर त्या साधनात असा बदल करण्यात आला की, सर्व्हर हळूहळूच निघावेत आणि किमान आवश्यक संख्येखाली ती संख्या जाऊच नये.

या दोन्ही प्रसंगी आज्ञा लिहिण्याची रीत बरोबर होती व संगणकाने ती बिनचूक पाळली. चूक होती ती स्थळाची वा संख्येची. म्हणून बदल करणारी आज्ञा देण्यापूर्वी ‘होस्टनेम’, ‘पीडब्ल्यूडी’ व ‘हूॲमआय’ या आज्ञांनी अनुक्रमे संगणक, डिरेक्टरी व स्वतःचा अधिकार तपासणे. आधी पाहणे व मग बदलणे. पुसण्याऐवजी प्रथम नाव बदलून बाजूस ठेवणे. मांडणीच्या फाइलची प्रत घेऊनच ती संपादणे. आणि एकाच वेळी सर्व संगणकांवर न करता प्रथम एकावर प्रयोग करणे, या सवयी सर्वत्र मान्य झाल्या आहेत. राखीव प्रतींच्या बाबतीत त्या घेतल्या जातात एवढे पुरेसे नसते. त्यांवरून माहिती प्रत्यक्ष परत आणून पाहिल्याखेरीज ती प्रत उपयोगी आहे असे मानता येत नाही.